घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आया आहेत का इथे? (दाखला, दहावी आणि मंडळीतले प्रश्न)

सीनाकाठ
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहायला बसलेय तर लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नगरची, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. आम्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. नवरा दवाखान्यात लॅबमध्ये आहे, मी लग्नाआधी डी.एड. करून एका खासगी शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाला आलीय. मुलगा दुसरीपर्यंत शाळेत होता, आता घरी शिकतो. मुलगी अजून शाळेत गेलेलीच नाही. मी शिकवते आणि माझ्या इतकंच सासूबाई शिकवतात.

मुलाला अक्षरं उलटी दिसतात असं तो स्वतः सांगायचा, कोणी मनावर घेतलं नाही. उभं राहून वाच म्हटलं की शब्द फुटायचा नाही, मग वर्ग हसायचा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. पुण्याला तपासणी केली तर वाचन-लेखनाची अडचण आहे असं निघालं, त्याला स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. शाळेला रिपोर्ट दाखवला तर म्हणाले एवढ्या पोरांत एकाकडे वेगळं लक्ष कसं देणार. त्या बाईंनाही मी दोष देत नाही, मी त्याच खुर्चीत बसलेली आहे. पण पोरगं हसायचंच विसरलं होतं, ते मला सहन होईना. महिनाभर प्रार्थना केली, नवऱ्याशी बोलले, आणि घरी आणला.

दुसरं कारण विश्वासाचं, तेही मोकळेपणी सांगते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की देवाची वचनं मुलांना घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना उठताना शिकवा. शाळेत पाठवूनही ते करता येतं, लाखो लोक करतात. पण आमच्याकडे संध्याकाळी शाळा, क्लास, गृहपाठ उरकून पोरगं दमून झोपायचं आणि कौटुंबिक प्रार्थनेला आम्ही दोघंच. आता सकाळी साडेसातला सगळे चटईवर बसतो, उपासना संगीत या गीतपुस्तकातलं एक गीत, एक उतारा, प्रत्येकाची एक विनंती, आणि मग पाटी-वही. घराची घडी बसली त्यानं.

आता प्रश्न. पुढे दहावीचं काय, मुलीच्या कागदपत्रांचं काय, आणि तिसरा प्रश्न मंडळीचा. मागच्या महिला मंडळात एका वडीलधाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, आपल्या लोकांनी शाळेसाठी काय काय सोसलं आणि ही शिकलेली सून पोरांना घरी बसवते. तेव्हापासून दोन-तीन बायका आमच्याशी बोलताना अंतर ठेवून बोलतात. मला पास्टरेट कमिटीकडे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीकडे, बुधवारी सभागृह मागायचंय, आमची पोरं आणि वस्तीतली अभ्यासात मागे पडलेली पोरं एकत्र बसवायला. या वातावरणात मागावं का? अनुभव असेल त्यांनी लिहा.

लिंबोळी
ताई, आधी तुला एक मिठी. माझा भाचा असाच आहे, त्याला चौथीपर्यंत आळशी म्हणून मारलं सगळ्यांनी. सभागृह नक्की माग. बुधवारी तसंही रिकामंच असतं, आमच्या मंडळीत तर नुसत्या खुर्च्या आणि पंखे. वाचतेय पुढे.

खडूफळा
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे कायद्याचं जेवढं रोजच्या कामात येतं तेवढं सांगतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण न घातल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा असं काही त्यात नाही. त्यामुळे घरी शिकवणं याला ना धड परवानगी आहे ना धड बंदी. गुन्हा नाही एवढं नक्की.

तुमचं मूल आमच्या नोंदीत मात्र शाळाबाह्य म्हणून येणार. कधीच शाळेत न गेलेलं किंवा सलग महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरतात. आम्ही सर्वेक्षणाला घरोघर फिरतो, २०१५ च्या जुलैमध्ये तर एका दिवसात राज्यभर केलं होतं, पोरांच्या बोटाला शाई लावत. कोणी दारात आलं तर घाबरू नका, वह्या दाखवा, काय शिकवता ते सांगा. आमच्याही पोटात कालवतं हो, कारण आम्ही शोधत असतो वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीला गेलेली पोरं. तुमच्या घरातलं पोरगं त्या यादीत बसत नाही पण रकाना एकच आहे.

कलम ४ लक्षात ठेवा. मूल परत आलं तर वयानुसार जो वर्ग येतो त्यात बसवावं लागतं आणि राहिलेलं भरून काढायला जादा शिकवणं शाळेवर बंधनकारक आहे, फक्त २०२३ पासून आपल्या राज्यात सहावी ते आठवीत बसवायचं तर पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे परतीची वाट चौदा वर्षांपर्यंत उघडी आहे. कोणी पहिलीपासून बसवतो म्हणालं तर ऐकू नका.

जुनी_बोर्डिंग
मी त्या महिला मंडळातली बाई नव्हे पण असू शकले असते म्हणून लिहिते. मिशनच्या शाळेत शिकले, मिशनच्याच शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले.

मुली, तुझ्या मुलाला जो त्रास झाला तो वाचून वाईट वाटलं आणि त्या शाळेचा रागही आला. पण आपल्या समाजाचा इतिहास विसरू नकोस. सिंथिया फरार बाई अमेरिकेतून आल्या आणि नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. नगरलाच १८४२ साली ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. १९४७ साली हिवाळे साहेबांनी अहमदनगर कॉलेज उभं केलं. माझी आजी गावकुसाबाहेरची, तिला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, ती बोर्डिंगात चार भिंतींच्या आत बाकी मुलींच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिथून नर्स झाली. आमच्यासाठी शाळा म्हणजे नुसतं गणित-मराठी नव्हतं. एका ओळीत बसणं होतं. एका पंगतीत जेवणं होतं. ते घरात कसं देणार तू? घरात आपल्यासारखीच माणसं असतात.

आणि अजून एक. जी शिकलेली आई आहे ती आपलं मूल काढून नेते, मग शाळेत जाब विचारायला उरतं कोण? तू तिथं पालकसभेत उभी राहून भांडली असतीस तर मागच्या चार पोरांचं भलं झालं असतं.

सीनाकाठ
बाई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या पण बोर्डिंगातल्याच. म्हणाल्या बाई खरं बोलतात. आणि मलाही ते खरंच वाटतं, म्हणून उत्तर देताना जपून देते.

ओळीत बसण्याचं मोल मला माहीत आहे. आमच्या घरातही तीच गोष्ट आहे, फक्त आजीऐवजी पणजी आणि नर्सऐवजी बायबलवुमन, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणारी बाई. पण बाई, माझा मुलगा त्या ओळीत बसत नव्हता, त्याला ओळीतून उठवून भिंतीशी उभं करत होते. ओळीत बसवलं असतं तर मी कशाला काढला असता? जाब मी विचारला होता, पालकसभेत आणि ऑफिसातही. पण एवढ्याशा पोराला आईचं भांडण संपेपर्यंत रोज हसं करून घ्यायला पाठवायचं हे माझ्याच्यानं होईना.

शिवाय घरी शिकणं आपल्या इतिहासात नाही असंही नाही ना बाई. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या? आईवडिलांनी वाटेनं चालता चालता संस्कृत शिकवलं, आई लक्ष्मीबाई पहाटे पाठ घ्यायची. त्याच मुलीनं पुढं पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुलीबायका सांभाळल्या आणि अख्खं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणलं. आणि नगरला राहिलेल्या म्हणून लक्ष्मीबाई टिळक, त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरात. मी रमाबाई घडवतेय असं अजिबात म्हणत नाही. घर ही पण शिकायची जागा आहे एवढंच म्हणते.

आता आमच्याकडे कसं चालतं ते जरा सांगते म्हणजे घरी बसवते या शब्दातून काय चित्र उभं राहतं ते तरी पुसलं जाईल. त्याचा सगळ्यात मोठा घोळ र चा. उत्पत्तीचं पहिलंच वचन घ्या, प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली. त्यात प्रारंभी आणि पृथ्वी, एकात प ला तिरकी रेघ आणि एकात खाली ऋ ची वाटी, त्याला दोन्ही सारखंच दिसायचं, तो प्रुथ्वी पण म्हणायचा आणि पृआरंभी पण. सासूबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि त्याला बोटानं काढायला लावलं, रेघ काढताना म्हणायचं प्र, वाटी काढताना म्हणायचं पृ. मग रफार, गर्व, स्वर्ग, पर्वत, तो डोक्यावर चढतो. मग राष्ट्र मधला, मग दऱ्या मधला. एकेका र ला एकेक आठवडा. पिठात चुकलं की हात फिरवायचा, लगेच कोरं, वहीत लाल रेघ येते तशी इथं येत नाही, त्यामुळे त्याची भीती गेली. आणि मग त्याच पिठाच्या भाकरी. शाळेत हे कोण करणार, कोणाला वेळ आहे, मी वर्गावर असते तर मलाही जमलं नसतं. आता तो रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, पाच ओळी वाचतो. अडखळत वाचतो. पण उभं राहून वाचतो.

पुस्तकं बालभारतीचीच वापरते, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत, आणि किशोरचे जुने अंक पण नेटवर आहेत, १९७१ पासून निघतोय तो, मुलीला त्यातली चित्रं फार आवडतात. गणित बाजारातलं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लिलाव होतो तुम्हाला माहीतच आहे, भोपळा, अंडी, गावरान कोंबडा, ज्वारीची पायली, यावर्षी त्या लिलावाचा हिशोब वहीत मुलानं लिहिला आणि खजिनदारांनी शेवटी त्याची बेरीज आपल्या बेरजेशी ताडून पाहिली, जुळली. कोंबडा चारदा परत लिलावात आला, घेणाऱ्यानं परत दान केला म्हणून, तर हा प्रत्येक वेळी नवी ओळ घालायची का जुनी खोडायची यावर भांडत बसला. इतिहासाला भुईकोट किल्ला आहे, १९४२ ते ४५ नेहरू, मौलाना आझाद तिथं कैदेत होते, खंदकाच्या कडेनं चालत सांगितलं की लक्षात राहतं. चांदबिबीचा महाल म्हणतात तो खरं म्हणजे सलाबतखानाची कबर, हे त्याला आता इतकं पाठ आहे की पाहुण्यांना तोच सांगतो.

प्रश्नचिन्ह
मी नास्तिक माणूस आहे, तरी वाचलं सगळं, आणि प्रांजळपणे विचारतो. ख्रिस्ती होमस्कूलिंग म्हटलं की अमेरिकेतला अभ्यासक्रम डोळ्यासमोर येतो, पृथ्वी काही हजार वर्षांचीच, उत्क्रांती खोटी वगैरे. तुमच्याकडे विज्ञान कोणतं शिकवता? मुलांना दुसरी बाजू कळते का?

सीनाकाठ
प्रश्न रास्त आहे, राग नाही. एसीई म्हणून एक अभ्यासक्रम आहे, १९७० साली टेक्सासमध्ये सुरू झालेला, छोट्या छोट्या पुस्तिका असतात, पेस म्हणतात, मूल आपलं आपण रोजचं पान ठरवतं आणि भरतं. भारतात बरेच ख्रिस्ती पालक तो वापरतात. आम्हाला पण कोणीतरी दिला होता बघायला. आपली गती आपण ठरवायची ही गोष्ट मला आवडली. पण एक तर इंग्रजी, दुसरं महाग, आणि तुम्ही म्हणता ते विज्ञानाचं त्यात आहेच, पृथ्वी तरुण आहे असंच शिकवतात. मी नाही घेतला. विज्ञान बालभारतीचंच. नवरा लॅबमधला माणूस, त्यानं घरी सूक्ष्मदर्शकाखाली डबक्याचं पाणी दाखवलं पोरांना. देवानं निर्माण केलं हा माझा विश्वास आहे, कसं केलं आणि किती काळात हे शोधायला त्यानं डोकं दिलंय असं मी मुलांना सांगते. ते मोठे होऊन मला प्रश्न विचारतील तेव्हा विचारू देत. ज्या विश्वासाला प्रश्न विचारायची बंदी आहे तसा विश्वास मला त्यांना द्यायचा नाही.

अजून एक सांगते. दुपारी गल्लीतली पोरं येतात आमच्याकडे, सगळ्या घरांतली, पाढे म्हणायला, कॅरम खेळायला. त्या वेळी मी बायबल काढत नाही. आमची प्रार्थना सकाळी, आमच्यापुरती. शेजारच्या आईनं विश्वासानं पोर पाठवलंय, तो विश्वास मोडायचा नाही. शिवाय दिवस कसे आहेत तुम्ही बघताच, घरगुती प्रार्थनेलाही कोणी येऊन काय चाललंय विचारतं. जे करायचं ते उजेडात, सांगून.

कागदोपत्री
मी सेतू केंद्रात बरीच वर्षं काम केलंय. कोणी मुद्द्यावरच येत नाहीये म्हणून लिहितो, हा भाग शांतपणे वाचा ताई.

तुमच्या मुलाचं नाव पहिलीच्या जनरल रजिस्टरला लागलंय, शाळा सोडल्याचा दाखला तुमच्याकडे असेल, तो लॅमिनेट करू नका, जपून ठेवा. त्याचं काम पुढे कुठं अडणार नाही. मुलीचं मात्र कुठल्याच शाळेच्या रजिस्टरला नाव नाही. आपल्याकडे जातीचा दाखला काढायला गेलं की पहिलं विचारतात शाळेचा दाखला किंवा प्रवेश निर्गम उतारा. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, १९५० च्या आदेशात फक्त हिंदू, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध एवढेच घेतलेत. महाराष्ट्रात आपण ओबीसीत येतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा. तिथंच निम्मी घरं अडकतात, कारण एका दाखल्यावर नुसतं ख्रिश्चन, दुसऱ्यावर भारतीय ख्रिश्चन, तिसऱ्यावर हिंदू अमुक. जात पडताळणी समितीपुढे ही साखळी जुळवताना लोकांची चप्पल झिजते.

मुलगी शाळेत नसली तरी वडिलांच्या कागदांवरून काम होऊ शकतं, वडिलांची जात वैधता, म्हणजे समितीकडून पडताळणी, झालेली असेल तर सोपं जातं. पण एक कडी कमीच राहणार. बाप्तिस्मा रजिस्टरचा उतारा पाळकसाहेबांच्या सहीनं काढून ठेवा, जन्मदाखला असेलच, सासऱ्यांचा शाळेचा उतारा आत्ताच काढा, जुनी रजिस्टरं वाळवीनं चाललीयेत.

बरेच जण काय करतात की जवळच्या एखाद्या शाळेत नाव घालून ठेवतात आणि पोर घरी. ओळखीची शाळा असेल तर हजेरी लागते. तुम्हीही तसं करा, सगळे प्रश्न सुटतात.

सीनाकाठ
दादा खूप आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांचा उतारा काढायला उद्याच नवऱ्याला पाठवते. वैधता नवऱ्याची झालेली नाही, चुलतदिरांची झालीय.

नाव शाळेत आणि पोर घरी हे मात्र आमच्याकडून होणार नाही. रोज तिच्या नावापुढं कोणीतरी खोटी हजेरी लावणार आणि मी घरी तिला दहा आज्ञा पाठ करून घेणार, हे प्रभूपुढं कसं उभं राहील. तुम्ही चांगल्या मनानं सांगितलंत हे कळतं मला.

खडूफळा
ताईंना अनुमोदन. आणि हजेरीच्या भानगडीत त्या शाळेतला शिक्षक पण अडकतो, पोषण आहाराचा हिशोब हजेरीवर असतो.

दहावीचं राहिलं. दोन वाटा आहेत. सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून राज्य मंडळाची दहावी, त्याला आधीचा शाळेचा दाखला मागतात, मुलाकडे तो आहे पण दुसरीचा, म्हणून मधे पाचवी किंवा आठवीची पायरी हवी. ती राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून करता येते, पाचवी आणि आठवी स्तराच्या परीक्षा तिथं आहेत. नाहीतर एनआयओएस, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय मंडळ, १९८९ पासून आहे, वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, मराठी माध्यम आहे, वर्षातून दोनदा परीक्षा, विषय तुकड्यातुकड्यानं सोडवता येतात. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलाला हा तुकड्याचा प्रकार फार सोयीचा पडतो. लेखनिक, जादा वेळ या सवलती दोन्हीकडे आहेत, पण सरकारी प्रमाणपत्र लागेल, खासगी रिपोर्टवर भागणार नाही. ते आत्तापासून मार्गी लावा, ऐन नववी-दहावीत पळापळ नको.

पीचट्री_मराठी
अमेरिकेत अटलांटाहून, जॉर्जिया राज्य. आम्ही मूळचे सोलापूरचे, इथं मराठी प्रार्थना गटात जातो. मीही घरीच शिकवते दोघांना. इथं सगळं लिहून ठेवलेलं आहे, दरवर्षी राज्याला एक अर्ज पाठवायचा की आम्ही घरी शिकवतोय, पाच विषय ठरलेले, वर्षाला १८० दिवस, रोज साडेचार तास, आणि तिसरीपासून दर तीन वर्षांनी एक प्रमाणित परीक्षा. शिकवणारा पालक किमान बारावीच्या समकक्ष शिकलेला हवा. एवढं केलं की कोणी काही विचारत नाही. सगळ्या पन्नास राज्यांत १९९३ पर्यंत कायदेशीर झालं होतं.

पण मला ताईचं ते सभागृहाचं महत्त्वाचं वाटलं. इथं त्याला को-ऑप म्हणतात, आठवड्यातून एक दिवस दहा-बारा घरं चर्चमध्ये जमतात, ज्या आईला जे येतं ते ती सगळ्यांच्या पोरांना शिकवते. मी गणित घेते, एक बाई व्हायोलिन. ते नसतं तर माझं डोकं फिरलं असतं, खरंच सांगते, मुलांपेक्षा आईलाच त्याची गरज असते. दिवसभर तीच चार माणसं आणि तीच भांडी. तुला थकवा येत असेल ना ग? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

सीनाकाठ
येतो ग. नळाला पाणी एक दिवसाआड, तो दिवस असेल तर सकाळचा सगळा पाठ पाण्यातच जातो. सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची रात्रपाळी, आणि मुलगा एखाद्या दिवशी वहीला हातच लावत नाही. तेव्हा मी गच्चीवर जाऊन दहा मिनिटं एकटी बसते आणि प्रभूशी बोलते, कधी नुसती रडते. पण संध्याकाळी तो धाकटीला पिठात र शिकवताना दिसला की मन भरून येतं.

वसईवारा
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग रविवारी पॅरिशमध्येच असतात, ते झाल्याशिवाय पहिलं कम्युनियन (प्रभुभोजन) नाही, त्यामुळे श्रद्धेसाठी मुलाला शाळेतून काढायची वेळ येत नाही. पण तुमचा मुलाचा प्रश्न वेगळा आहे, तो पटतो. सभागृहाचं एकच सांगतो, तोंडी मागू नका. अर्ज लिहा, वेळ लिहा, किती पोरं, झाडलोट कोण करणार, लाइटबिलाचं काय, आणि वस्तीतली पोरं म्हणजे सगळ्या धर्मांची हेही लिहा, आणि तिथं फक्त अभ्यास होईल हेही लिहा. कमिटीतल्या माणसांना कागद दिसला की धीर येतो.

जुनी_बोर्डिंग
सीनाकाठ, तुझं उत्तर वाचलं. परातीतल्या पिठाचं वाचून मला आमच्या मेट्रन आठवल्या, त्या आम्हाला वाळूत गिरवायला लावायच्या.

माझं मत बदललेलं नाही. मुलाचं तू करतेस ते योग्यच आहे, तो तुझ्याजवळच शिकू दे. पण मुलीला काय झालंय? तिला अक्षरं नीट दिसतात, ती धीट आहे असं तुझ्याच लिहिण्यातून कळतं. नीतिसूत्रांत मुलाच्या स्थितीस अनुरूप शिक्षण द्यायला सांगितलंय, दोन मुलांची स्थिती दोन असली तर शिक्षणही दोन असू शकतं. तिला ओळीत बसू दे. जवळच्या मराठी शाळेत घाल, शाळा कशी चालते यावर तुझा डोळा राहील आणि तिथल्या बाकीच्या पोरांनाही तुझ्यासारखी पालक मिळेल.

आणि बुधवारी सभागृह मिळालं तर मी येईन. पाढे आणि शुद्धलेखन घेईन. अर्जावर माझी सही हवी असेल तर मी करते, कमिटीतले दोघं माझे विद्यार्थी आहेत.

लिंबोळी
बाई, तुम्हाला दंडवत. धागा वर ठेवा कोणीतरी, खूप कामाचा आहे. कागदोपत्री दादांची पोस्ट मी वेगळी साठवून ठेवलीय.

सीनाकाठ
बाई, तुमची सही मी अर्जाच्या पहिल्या ओळीत घेईन. वसईवारा, तुम्ही सांगितलं तसाच अर्ज लिहायला घेतलाय, झाडलोट आम्ही दोघी जावा करू, लाइटबिलासाठी महिन्याला थोडी वर्गणी.

मुलीबद्दल काल रात्री आम्ही तिघं बोललो. दाखल्यासाठी म्हणून तिला शाळेत घालायचं हे मला पटत नव्हतं, पण बाई म्हणतात ते कारण पटतंय, तिला खरोखर गर्दी आवडते, शब्बाथ शाळेत सगळ्यात आधी पळते. सासूबाईंचा शाळेकडे कल आहे. नवरा म्हणतो एक वर्ष थांबू. मला वाटतं जूनमध्ये घालावं, पूर्ण मनानं, रोज पाठवायचं म्हणूनच.

खडूफळा दादा, एक विचारायचं होतं, ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात ना पहिलीला, ती सप्टेंबरची आहे, यंदा सहा होतील. बालवाडीचा कुठलाच कागद नाही तिच्याकडे. जन्मदाखला आणि आधारवर थेट पहिलीत घेतील का, की बालवाडीचा काही दाखला मागतील? आणि पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत यायचं असेल तर कधी विचारायचं, प्रवेशाच्याच वेळी की शाळा सुरू झाल्यावर?

खडूफळा
थेट घेतील. बालवाडीचा दाखला लागत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून सुद्धा प्रवेश नाकारता येत नाही. समितीत तीनचतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या बायका हव्यात, शाळा सुरू झाली की पहिल्या पालकसभेत हात वर करा. कोणी पुढे येत नाही म्हणून मुख्याध्यापक वाटच बघत असतात.